पावडरीचा दोष आणि ब्रशचं काम

पावडर फाउंडेशनच्या तक्रारी ठरलेल्या असतात. चेहरा पांढरट दिसतो. दोन-तीन तासांत हनुवटीवर चट्टे उमटतात. नाकाच्या कडेला पावडर साचते. फोटोत चेहरा एका रंगाचा आणि गळा दुसऱ्याच रंगाचा येतो. या तक्रारींच्या पाठोपाठ प्रश्नही ठरलेलाच येतो : मग आता कुठल्या कंपनीची घेऊ? मेकअपचं काम करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न पाठ असतो आणि पुष्कळदा त्याचं खरं उत्तर असं असतं, की नवी घेऊच नका, आहे तीच नीट लावा. डबी बदलली तरी लावायचं साधन तेच राहतं. एक तर डबीसोबत आलेला पातळ स्पंज, नाहीतर सेटमधला सगळ्यांत मोठा, फुगीर ब्रश. साधन तेच, हात तोच, मग निकालही तोच येतो आणि दोष पावडरीच्या माथी बसतो. या व्यवसायात जे रोज दिसतं, त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. पावडर फाउंडेशन शोभतं की नाही, हे थराच्या जाडीवर ठरतं आणि थर किती जाड बसेल, हे ब्रशवर ठरतं. म्हणून ब्रशची निवड ही खरेदीच्या यादीतली शेवटची नव्हे, पहिली गोष्ट असायला हवी.

हे पटायला डबीत काय असतं ते आधी पाहावं लागेल. टाल्क, अभ्रक, सिलिका अशा बारीक दळलेल्या खनिजांचा पाया असतो. त्यात झाकण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं द्रव्य आणि रंगछटेसाठी पिवळे, तांबडे, काळे आयर्न ऑक्साइड घालतात. हे सगळं घट्ट बसावं आणि त्वचेला धरून राहावं म्हणून थोडं तेल किंवा सिलिकोन मिसळून डबीत दाबून भरतात. मेकअप झाल्यावर वरून मारायच्या सेटिंग पावडरीत रंगद्रव्य अगदी कमी असतं, काहींत तर नसतंच. फाउंडेशनमध्ये ते पुष्कळ असतं, कारण त्याचं कामच झाकण्याचं आहे. इथेच सगळी मेख आहे. थर पातळ असेल तर त्यातून आपल्या त्वचेचा मूळ रंग डोकावत राहतो आणि दोन्ही रंग मिळून चेहरा आपला वाटतो. थर जाड झाला की त्वचा दिसेनाशी होते आणि उरतो तो डबीतला रंग. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर हा फरक फार ठळक असतो. टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरेपणा जाड थरात वर येतो आणि चेहऱ्यावर राखेसारखी छटा चढते. त्यावर कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला, की प्रकाश परावर्तित होऊन ती आणखी उघडी पडते. 'ही शेड मला पांढरी पडते' असं ज्या डबीबद्दल म्हटलं जातं, तीच डबी निम्म्या प्रमाणात लावली तर बऱ्याचदा जुळते.

जाड लावायची सवय आली कुठून, याचंही उत्तर आहे. दाबून भरलेल्या फाउंडेशनची वाट घालून दिली ती सिनेमाने. टेक्निकलर चित्रपटांच्या झगझगीत दिव्यांत जुनी तेलकट रंगकांडी चकाकायची, म्हणून मॅक्स फॅक्टर कंपनीने 1930च्या दशकाच्या उत्तरार्धात 'पॅन-केक' काढला. ओल्या स्पंजने तो चेहऱ्यावर चढवायचा आणि वाळला की मॅट, सलग थर मिळायचा. आपल्याकडेही रंगपटात आणि स्टुडिओत पॅनकेक रुळला, आणि तिथे तो योग्यच होता. नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला चेहरा दिसायचा असतो. प्रखर दिवे रंग खाऊन टाकतात, तेव्हा रंगभूषा जाडच हवी. पण पाहणारा दोन हातांवर उभा असेल आणि उजेड खिडकीतून येत असेल, तर हिशेब उलटा होतो. ऑफिसात, लग्नाच्या मांडवात, मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे जवळून पाहणारेच जास्त असतात. रंगमंचाचं तंत्र, म्हणजे स्पंज घेऊन दाबत दाबत थापणं, घरातल्या आरशापुढे तसंच चालू राहिलं. ज्या कारणासाठी ते होतं, ते कारण मात्र तिथे नव्हतं.

आता ब्रशकडे येऊ. पावडर फाउंडेशनसाठी ब्रश पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात : केसांची दाटी, केसांची उंची आणि वरचा आकार. फुगीर, लांब केसांचा विरळ ब्रश सेटिंग पावडरीसाठी उत्तम. त्याचे केस डबीवर वाकतात, थोडीच पावडर उचलतात आणि चेहऱ्यावर ती उडवल्यासारखी सोडतात. फाउंडेशनसाठी त्याचा उपयोग होत नाही, कारण केसांत जोर नसल्याने पावडर त्वचेवर नुसती टेकते, बसत नाही. मग झाकलं जात नाही म्हणून माणूस पुन्हा डबीत ब्रश बुडवतो, पुन्हा फिरवतो, आणि न बसलेल्या पावडरीचे चार थर एकमेकांवर चढतात. दुसऱ्या टोकाला अगदी आखूड, टणक केसांचा ब्रश. तो एका जागी भरपूर पावडर सोडतो आणि मग ती हलता हलत नाही. हवा तो या दोघांच्या मधला : दाट भरलेला, केस साधारण अडीच ते तीन सेंटीमीटर उंचीचे, माथा किंचित गोलसर. आखूड दांड्याचा कबुकी किंवा लांब दांड्याचा बफिंग ब्रश, दोन्ही चालतात. दांड्याची लांबी ही सोयीची बाब आहे. स्वतःला लावताना आखूड दांडा हातात नीट बसतो, दुसऱ्याला लावताना लांब बरा पडतो.

दुकानात हे तपासायला कुणाला विचारावं लागत नाही. ब्रश तळहाताच्या मागच्या बाजूवर उभा धरून हलकेच दाबावा. केस पसरावेत, पण पसरल्यावर मधून कातडी दिसू नये आणि हात उचलताच ते जागेवर यावेत. मग त्याच जागी गोल गोल फिरवून पाहावा. टोचला, खरखरला तर गालावर तो लालसरपणा आणणार हे नक्की. दोन बोटांच्या चिमटीत केस धरून हळू ओढावेत. एखाददुसरा सुटा केस आला तर ठीक, पाच-सात आले तर ब्रश परत ठेवावा. शेवटी केस जिथे धातूच्या नळीत शिरतात तिथे पाहावं. नळी दांड्यावर हलत असेल तर चार धुण्यांत ब्रशचं डोकं हातात येईल. एवढ्या तपासणीला दोन मिनिटं लागतात, आणि ती किमतीच्या चिठ्ठीपेक्षा जास्त सांगते.

केस प्राण्यांचे असावेत की कृत्रिम, यावर या व्यवसायात अजूनही मतभेद आहेत. प्राण्यांच्या केसाच्या बाजूने खरा मुद्दा आहे. शेळीच्या किंवा खारीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात, त्यांत पावडर अडकते आणि थोडी थोडी सुटते. जपानमधल्या हिरोशिमा प्रांतातलं कुमानो हे गाव याच कौशल्यावर उभं आहे. तिथला ब्रश मुळात लेखनाचा. शेतीची कामं संपल्यावर बाहेरगावी मजुरीला जाणारे शेतकरी परतताना ब्रश आणून विकत, पुढे ते बनवायलाही शिकले, आणि 1975मध्ये जपान सरकारने कुमानोच्या ब्रशला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. 2011मध्ये महिला फुटबॉलचा विश्वचषक जिंकणाऱ्या जपानी संघाला सरकारी सन्मानासोबत भेट म्हणून कुमानोचे मेकअप ब्रश देण्यात आले. तिथल्या कारागिरीचं एक तत्त्व कुठल्याही ब्रशला लावून पाहण्यासारखं आहे. ब्रशला आकार देण्यासाठी केसांची टोकं कापायची नाहीत. केस हाताने रचूनच माथा गोल करायचा. न कापलेलं टोक निमुळतं आणि मऊ असतं, कापलेलं टोक बोथट असतं आणि टोचतं. कृत्रिम तंतूंमध्येही आज टोकं निमुळती करता येतात आणि तंतूला बारीक लाटा देऊन पावडर धरण्याची क्षमता वाढवता येते. म्हणून रोजच्या वापरासाठी माझा कौल कृत्रिम ब्रशला आहे. तो वारंवार धुता येतो, लवकर वाळतो, तेल शोषून घेत नाही आणि त्यासाठी कुठल्या प्राण्याला किंमत मोजावी लागत नाही. केस कुठून येतात हा प्रश्न आपल्याकडे काल्पनिक नाही. चित्रकारांच्या ब्रशसाठी मुंगसांची शिकार होत आली आहे, ती 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि 2019मध्ये या व्यापाराविरुद्ध देशभर छापे घालावे लागले. वेष्टनावर 'नैसर्गिक केस' एवढंच लिहिलेलं असेल आणि प्राण्याचं नाव नसेल, तर तो ब्रश न घेणंच बरं.

चांगला ब्रश हातात आला तरी अर्धं काम बाकी असतं. डबीत ब्रश घासायचा नसतो. माथा सपाट टेकवून एकदा, फार तर दोनदा हलकेच फिरवला की पुरे. मग दांडा मनगटावर किंवा डबीच्या कडेवर एकदा आपटायचा, म्हणजे वरवरची पावडर गळते आणि केसांच्या आत शिरलेली तेवढी राहते. पोळी लाटताना पिठी जितकी लावतो, तितकीच ही पावडर हवी : काम व्हावं, पण दिसू नये. सुरुवात गालाच्या मध्यापासून करावी, कारण झाकण्याची गरज बहुधा तिथेच जास्त असते. ब्रश आधी दाबायचा आणि मग जागच्या जागी लहान लहान गोल फिरवायचा. दाबल्याने पावडर त्वचेला धरते, फिरवल्याने तिच्या कडा विरतात. नुसतं दाबलं तर ठिपके राहतात, नुसतं फिरवलं तर झाकलं जात नाही. गालावरून बाहेर कानाकडे आणि खाली जबड्याकडे जाताना ब्रशमधली पावडर आपोआप कमी होत जाते, म्हणून चेहऱ्याची कड गळ्यात मिसळते. डबीत पुन्हा जायचं ते कपाळासाठी, आणि नाक व हनुवटीसाठी ब्रशमध्ये उरलेलं पुरतं. सगळ्यांत शेवटी ब्रश रिकामा करून वरून खाली हलकेच फिरवावा. चेहऱ्यावरची लव खालच्या दिशेने वाढते. उलट्या दिशेने फिरवलं तर ती उभी राहते आणि प्रत्येक केसावर पावडर दिसते.

नाकाच्या कडेची जागा वेगळी सांगायला हवी, कारण सगळ्यांत जास्त घोटाळा तिथेच होतो. नाकपुडीच्या खोबणीत तेल जास्त सुटतं आणि मोठा ब्रश आत शिरत नाही. मग त्याच्या कडेने तिथे पावडर ढकलली जाते आणि तेलात भिजून तिचे कण जमतात. बोटाएवढ्या रुंदीचा छोटा दाट ब्रश घेऊन, त्यावर नव्याने पावडर न घेता, मोठ्या ब्रशवरूनच थोडी उचलावी आणि खोबणीत फक्त टेकवावी. मराठी नवरीच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं. नथीचे मोती वरच्या ओठाजवळ सारखे हलतात, तिथे घाम येतो, पुसला जातो, आणि पावडर जाड असेल तर मोत्याच्या रेषेत ती निघून पट्टा उमटतो. मुंडावळ्या कपाळाच्या कडांवर जिथे टेकतात तिथेही हेच. या दोन जागी थर जितका पातळ, तितका तो टिकतो. हळदीच्या दुसऱ्या दिवशी त्वचेवर तेलाचा अंश आणि पिवळी झाक असते. तिथे पावडर जास्त लावून पिवळेपणा झाकायला जाऊ नये. चेहरा नीट धुऊन, तेल टिपून मगच ब्रश हातात घ्यावा.

खालची त्वचा कशी आहे यावर ब्रशचा निकाल अवलंबून असतो, हे मान्यच करायला हवं. मॉइश्चरायझर किंवा सनस्क्रीन ओलं असताना पावडर टेकवली, तर जिथे ओल जास्त तिथे ती जास्त चिकटते आणि चट्टा पडतो. त्या चट्ट्याला जगातला कुठलाही ब्रश उतारा देऊ शकत नाही. सनस्क्रीन लावल्यावर ते बसायला काही मिनिटं द्यावीत, टिश्यू एकदा टेकवून घ्यावा आणि मग पावडरीला हात घालावा. इथेच आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. डबीवर एसपीएफचा आकडा असला, तरी पावडर हे सनस्क्रीन नव्हे. तो आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून काढलेला असतो. शोभेल इतक्या पातळ थराने तेवढं संरक्षण मिळत नाही. पावडर शोभण्यासाठी पातळ लावायची आणि उन्हासाठी सनस्क्रीन वेगळं लावायचं.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की कंपनीनेच डबीत स्पंज दिला आहे, त्या अर्थी तोच योग्य असणार. स्पंजला त्याची जागा आहे. एखादा काळा डाग झाकायचा असेल, रंगमंचावर उभं राहायचं असेल, किंवा दमट हवेत दुपारी घाम टिपून एखादी जागा पुन्हा सारखी करायची असेल, तर स्पंज ब्रशपेक्षा सरस ठरतो. पण तो डबीत येतो तो सोयीसाठी, कारण डबीत मावणारं तेवढं एकच साधन आहे. पहिला, पूर्ण चेहऱ्याचा थर त्याने दिला की तो जाडच होतो. शिवाय स्पंज चेहऱ्यावरचं तेल उचलून डबीत नेतो. काही दिवसांत पावडरीवर चकचकीत कडक पापुद्रा धरतो आणि मग पावडर उचललीच जात नाही. अशी डबी खराब निघाली म्हणून टाकून दिली जाते. खरं तर चिकटपट्टी दाबून तो पापुद्रा काढला, की खालची पावडर पूर्ववत निघते.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो रास्त आहे. बाजारात बारा-पंधरा ब्रशांचे सेट स्वस्तात मिळतात, मग एका ब्रशला वेगळे पैसे का द्यायचे? उत्तर एवढंच, की त्या बारांतले नऊ ब्रश बहुतेक घरांत कधी वापरलेच जात नाहीत आणि जो लागतो तो दाट असेल याची खात्री नसते. एकच निवडून घेतला, तर वर सांगितलेली तपासणी करून घेता येतो, आणि या तपासणीत मध्यम किमतीचे कृत्रिम ब्रश सहज उत्तीर्ण होतात. महाग म्हणजे चांगला, असं माझं म्हणणं अजिबात नाही. डबी काही महिन्यांत संपते, राखलेला ब्रश वर्षानुवर्षं चालतो, हा हिशेबही त्याच्याच बाजूचा आहे. तिसरा आक्षेप असा, की शेड चुकली किंवा त्वचा फार कोरडी असेल तर ब्रश काय करणार? काहीच नाही, हे खरं आहे. विदर्भातल्या हिवाळ्यात त्वचा फुटलेली असेल, डोळ्यांखाली बारीक सुरकुत्या असतील, तर पावडर तिथे साचणारच. अशा त्वचेला द्रव किंवा क्रीम फाउंडेशन बरं. पण तेलकट त्वचा, मुंबई-कोकणातली दमट हवा आणि लोकलचा प्रवास असेल, तिथे पावडरीला तोड नाही. म्हणूनच ती नीट लावता येणं महत्त्वाचं आहे.

शेवटचा मुद्दा धुण्याचा. तो स्वच्छतेचा आहेच, पण तितकाच थराचाही आहे. न धुतलेल्या ब्रशचे केस तेलाने एकमेकांना चिकटतात, त्याची दाटी उरत नाही आणि रेघा उमटू लागतात. चांगला ब्रश बिघडला असं वाटतं, तेव्हा तो बहुधा मळलेला असतो. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्था दर 7 ते 10 दिवसांनी ब्रश धुवायला सांगते. ब्रिटनच्या ॲस्टन विद्यापीठाने 2019मध्ये वापरलेल्या सौंदर्यप्रसाधनांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा मेकअपचे स्पंज सर्वांत जास्त दूषित निघाले, आणि त्यांतले 93 टक्के एकदाही धुतलेले नव्हते. ब्रश धुवायला कोमट पाणी आणि सौम्य शाम्पू पुरतो. डोकं खाली धरून फक्त केस भिजवायचे, कारण नळीत पाणी गेलं की आतला गोंद सुटतो आणि केस गळू लागतात. तळहातावर फेस फिरवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन, टॉवेलमध्ये दाबून ब्रश टेबलाच्या कडेवर असा आडवा ठेवायचा, की केस हवेत राहतील. पेल्यात उभा ठेवला तर पाणी उतरून नळीतच जातं. पावसाळ्यात तो पंख्याखाली ठेवावा आणि पुरता वाळल्याशिवाय पिशवीत घालू नये, नाहीतर कुबट वास आणि बुरशी ठरलेलीच. जे हे काम व्यवसाय म्हणून करतात, त्यांनी एका चेहऱ्याचा ब्रश न धुता दुसऱ्या चेहऱ्याला लावणं हा निष्काळजीपणा आहे, आणि गर्दीच्या मुहूर्तांचं कारण त्याला चालत नाही.

यातलं काहीही माझ्या शब्दावर मानायची गरज नाही. घरी आहे तीच डबी घ्या. अर्ध्या चेहऱ्याला रोजचा स्पंज किंवा फुगीर ब्रश वापरा, अर्ध्याला धुतलेला, दाट ब्रश. मग दिव्याखाली नव्हे, खिडकीशी उभं राहून आरशात पाहा आणि तीन तासांनी पुन्हा पाहा. ज्या बाजूला त्वचा त्वचेसारखी दिसेल, त्या बाजूचं साधन ठेवा. नवी डबी घ्यायची की नाही, ते त्यानंतर ठरवा.